प्रद्युम्नसाहेबांचा हयातीचा दाखला

'सीआयडी' ही पोलिसांची मालिका होती, असं अजूनही बरेच लोक समजतात. समजोत बापडे. प्रेतं, रक्ताळलेले चाकू, फार्महाउसच्या तळघरातला सांगाडा हे सगळं तिथे होतं खरं, पण ते गणपतीपुढच्या आराशीइतकंच. मूर्ती वेगळी होती. ती मालिका मुळात एका सरकारी कचेरीची होती. २१ जानेवारी १९९८पासून २७ ऑक्टोबर २०१८पर्यंत सोनी वाहिनीवर तिचे १५४७ भाग झाले आणि लोकांनी ते पाहिले, ते काही खुनी सापडतो म्हणून नाही. खुनी काय, कुठल्याही मालिकेत सापडतोच. या मालिकेत साहेब सापडत. 'साहेब दौऱ्यावर आहेत', 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' आणि 'साहेब आत्ताच जेवायला गेले' या तीन वाक्यांवर ज्या देशात माणसाचं निम्मं आयुष्य सरतं, तिथे फोन ठेवला न ठेवला तोच साहेब स्वतः दारात उभे, बरोबर दोन वरिष्ठ निरीक्षक, आणि एकाच्याही चेहऱ्यावर 'आज शनिवार आहे हो' असा भाव नाही. याला पोलिसी मालिका म्हणण्यापेक्षा परीकथा म्हणणं जास्त प्रामाणिकपणाचं होईल.

हे रायपुरात बसून पाहिलं की अधिक नीट दिसतं. मालिका सुरू झाली तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं. छत्तीसगड राज्य जन्मलं १ नोव्हेंबर २००० रोजी. म्हणजे मालिकेतले साहेब, एसीपी प्रद्युम्न, या राज्यापेक्षा पावणेतीन वर्षांनी वडील. पुढे राजधानी झाली, संचालनालयं आली, मंत्रालय उठून नव्या रायपुरात महानदी भवनात गेलं, आणि ज्याला विचारावं तो कुठल्या तरी खात्यात निघू लागला. इथला मराठी माणूस तर कचेरीच्याच पोटी जन्मलेला. भोसल्यांच्या अमलात फौजेमागून कारकून आले, कमाविसदार आले. पुढे इंग्रजी अमलात हा मुलूख मध्य प्रांतात गेला, त्याची राजधानी नागपूर, आणि ती सोयरीक १९५६पर्यंत टिकली. त्यामुळे मास्तर, नाझर, ओव्हरसियर असे जे जे नागपूर-वऱ्हाडाकडून इकडे आले, त्यांतल्या बहुतेकांच्या हातात बदलीचा हुकूम होता. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घरांची किंवा चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाच्या सभासदांची कुलवृत्तांत लिहायला घेतले, तर ते वंशावळीपेक्षा पदस्थापनेच्या यादीसारखी दिसतील: पणजोबा बिलासपूर, आजोबा दुर्ग, मोठे काका जगदलपूर. सरकारी नोकरी चालून आली असता नाकारणारे माधवराव सप्रे 'छत्तीसगढ़ मित्र'चे संपादक म्हणून वंदनीय आहेतच, पण तो नकार मात्र नोकरदार घरांना आजही पुरता उलगडलेला नसावा.

आणि गंमत अशी की एसीपी हा हुद्दाच रायपुरात नव्हता. इथे ठाण्यात टीआय, त्यांच्यावर सीएसपी, सर्वांच्या वर एसएसपी. सहायक पोलीस आयुक्त असायला आधी पोलीस आयुक्त लागतो, आणि रायपूरसाठी आयुक्तालयाची घोषणा मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी केली ती २०२५च्या स्वातंत्र्यदिनी. तोवर रायपूरकरांच्या ओळखीचे एकुलते एक एसीपी टीव्हीतून दिवाणखान्यात येत. हुद्दा आधी टीव्हीवरून पाठ झाला, राजपत्राचा नंबर त्यानंतरचा. (तसं पाहिलं तर महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे, आणि मुंबई शहरातले असे तपास शहर पोलिसांची गुन्हे शाखा करते. पण कार्यक्षेत्राचा वाद काढून काम टाळणं या कचेरीला ठाऊकच नव्हतं.)

मुद्दा बदलीचा आहे. प्रद्युम्न, त्यांचे दोन निरीक्षक अभिजित व दया, आणि प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंखे यांची खुर्ची वीस वर्षांत हलली नाही. दिल्लीत आणि मुंबईत सरकारं आली, गेली, पुन्हा आली. या चौघांच्या नावाचा हुकूम कुणी काढला नाही, आणि निघाला असता तरी दयानं तो कागद कुठल्या दारात फाडला असता हे सांगायला नको. बढतीही नाही. निवृत्तीचा हिशोब तर सेवापुस्तक उघडूनच करायला हवा. साहेबांची भूमिका करणाऱ्या शिवाजी साटम यांची जन्मतारीख २१ एप्रिल १९५०. पात्राचं वय नटाइतकंच धरलं, तर महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अठ्ठावन्न पुरी होऊन २००८च्या एप्रिलअखेर प्रद्युम्नसाहेबांच्या हाती शाल-श्रीफळ पडायला हवं होतं. छत्तीसगडात आज निवृत्तीचं वय बासष्ट आहे. साहेबांना इकडे प्रतिनियुक्तीवर आणून हाच नियम लावला, तरी २०१२च्या एप्रिलअखेर खुर्ची सोडणं आलं. ते अडुसष्टाव्या वर्षीही कामावर हजर होते. मुदतवाढ कुणी दिली, वित्त विभागाची सहमती होती का, लेखापरीक्षणात हरकत कशी निघाली नाही, असं प्रेक्षकांतल्या एकानंही विचारलं नाही. आणि हे प्रेक्षक कोण? शेजारच्या टेबलावरच्या माणसाची निवृत्तीची तारीख त्याच्या बायकोच्या आधी सांगणारे! साटम स्वतः नाटक-सिनेमाआधी सेंट्रल बँकेत नोकरीला होते, तेव्हा हजेरीपट म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. मालिकेनं तो हजेरीपट तेवढा ठेवला आणि बाकीची कचेरी गाळून टाकली.

काय काय गाळलं ते त्या सुप्रसिद्ध वाक्यातच बघा. साहेबांचा हात वर येई, पाचही बोटं पसरत आणि मनगट असं फिरे की छताला नसलेला बल्ब बसवताहेत असं वाटावं. मग, 'कुछ तो गड़बड़ है, दया.' लोकांनी त्या हाताच्या नकला केल्या, पण वाक्यातली क्रांती कुणाच्या ध्यानात आली नाही. कचेरीतला सर्वांत वरचा माणूस स्वतःहून गडबड कबूल करतो, चौकशी समिती नेमली जाण्याआधी, वर्तमानपत्रात छापून येण्याआधी! आपल्याकडे वरून जे शेरे येतात ते 'चर्चा करावी', 'नियमानुसार कार्यवाही करावी', फारच झालं तर 'सद्यःस्थिती सादर करावी' असे. फाइलीला सरकारी भाषेत 'नस्ती' म्हणतात. हा शब्द महाराष्ट्रातही चालतो आणि छत्तीसगडातही, आणि दोन्हीकडे तिचं काम एकच, या टेबलावरून त्या टेबलावर नसती उठाठेव करत फिरणं. प्रद्युम्नसाहेबांच्या टेबलावर नस्ती नव्हती. आवक-जावक नव्हती. रडत आलेल्या माणसाला 'आधी दोन झेरॉक्स काढून आणा' असं त्या कचेरीत कुणी म्हटलेलं आठवतं का पाहा. ७ नोव्हेंबर २००४ला तर मालिकेचे कर्ते बी. पी. सिंह यांनी एकही कट न घेता १११ मिनिटांचा सलग भाग दाखवला आणि त्याची नोंद विक्रमांच्या पुस्तकात झाली. सिंह मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन, तेव्हा जाणकारांनी कॅमेऱ्याचं कौतुक केलं ते रास्तच. पण कचेरीच्या अंगानं पाहिलं तर खरा विक्रम निराळा आहे: एक संपूर्ण सरकारी पथक सलग एकशे अकरा मिनिटं चहाला उठलं नाही.

साळुंख्यांच्या प्रयोगशाळेबद्दल विज्ञानाचे शिक्षक फार चिडून बोलतात. चंबूत निळं पाणी, त्यात हिरवं पाणी, थोडा धूर, आणि लगेच 'याला पोटॅशियम सायनाइड देऊन मारलंय, बॉस'. राग समजण्यासारखा आहे, पण त्यांचं लक्ष चंबूवर होतं आणि प्रेक्षकांचं घड्याळावर. अहवाल त्याच दिवशी मिळतो, तोंडी मिळतो, सोप्या भाषेत मिळतो आणि 'उद्या या' असं न ऐकता मिळतो, हे पाहण्यासाठी माणूस कितीही चुकीचं रसायनशास्त्र सहन करील. आता तर कायदाही साळुंख्यांच्या बाजूला सरकला आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची सवड दिली आहे. २०२५च्या जूनमध्ये नव्या रायपुरात राष्ट्रीय फॉरेन्सिक विज्ञान विद्यापीठाच्या संकुलाची आणि केंद्रीय फॉरेन्सिक प्रयोगशाळेची पायाभरणी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाली. इमारत होईल, यंत्रं येतील, चंबूही येतील. 'किती वेळ लागेल?' या प्रश्नावर 'झालंच, बॉस' असं उत्तर देणारा माणूस कुठल्या भरती परीक्षेतून निवडायचा, एवढंच ठरायचं आहे.

माणसांची नावं ठेवतानाही या मंडळींनी कचेरीचाच विचार केलेला दिसतो. प्रद्युम्नांना आडनावच दिलं नाही. साळुंख्यांना आडनाव दिलं आणि नावाची बोळवण फार तर आद्याक्षरांवर केली. दोघे शेजारी उभे राहिले की कुठे एक पूर्ण मराठी माणूस तयार होतो. आपल्याकडे ओळख सुरू होते ती 'आपण मूळचे कुठले?' पासून आणि आडनावाचा गाव, जात, पोटजात असा पंचनामा होऊन मगच पाणी विचारलं जातं. बिनआडनावाच्या साहेबाचा हा पंचनामा करता येत नाही, म्हणून ते रायपुरात जेवढे आपले, तेवढेच पाटण्यात. उच्चाराचीही सोय आहे. मराठी घरात ते जोडाक्षरासकट प्रद्युम्न असतात, आणि जयस्तंभ चौकातल्या चहाच्या टपरीवर त्याच घरातला माणूस त्यांना प्रद्युमन म्हणतो. रायपूरकर मराठी माणूस हा उंबरठा दिवसातून दहादा ओलांडतो आणि त्याला ठेच लागत नाही. पडद्यामागे तर आणखी मजा. साळुंखे झाले नरेंद्र गुप्ता आणि पथकातले फ्रेडरिक्स झाले दिनेश फडणीस! दया म्हणजे थाळीफेकीच्या मैदानातून आलेले दयानंद शेट्टी, अभिजित म्हणजे अलाहाबादचे आदित्य श्रीवास्तव. सुरुवातीच्या दिवसांत आशुतोष गोवारीकर आणि अश्विनी काळसेकरही या हजेरीपटावर होते. त्याच्याही आधी बी. पी. सिंह यांनी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलिसी मालिका केली होती, तिच्यातही साटम होतेच. म्हणजे या हिंदी कचेरीचं जोतं मराठीत घातलेलं आहे, याचा कुणाला अभिमान वाटत असेल तर वाटू द्यावा.

यावर हरकत येणार ती ठाऊक आहे: लोक रहस्यासाठी पाहत होते, कचेरीसाठी नव्हे. ठीक आहे. १५४७ भागांतल्या एका खुन्याचं नाव सांगा. एकाचं! भलेभले इथे अडखळतात आणि 'तो तळघरातला नव्हता का' असं काहीतरी पुटपुटतात. दयानं तोडलेली दारं मात्र सगळ्यांना आठवतात, इतकी की २०१४च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्येही दयानंद शेट्टींना दार तोडायला लावल्याशिवाय दिग्दर्शकाला राहवलं नाही. ज्या कलाकृतीतलं रहस्य विसरलं जातं आणि कर्मचारी लक्षात राहतात, तिला रहस्यकथा कशी म्हणायची? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचा झुंजार काय किंवा काळापहाड काय, कुठल्याच कचेरीत सही करत नव्हते. १९८५चा करमचंद गाजर खात स्वतःच्या मर्जीनं हिंडे. व्योमकेश बक्षीही कुठल्या कचेरीत नव्हता. खाजगी गुप्तहेराची सारी ऐट या गृहीतावर उभी असते की सरकारी माणसाला काही जमत नाही. 'सीआयडी'नं हे गृहीत उलटं केलं आणि पगारी माणसाच्या हाती भिंग दिलं. पेन्शनरांच्या देशात ही मालिका चालली नसती तरच नवल.

दुसरी हरकत जास्त गंभीर. लोक ही मालिका हसण्यासाठीच पाहत होते, तेव्हा कसलं स्वप्न आणि कसलं काय? प्रेतासमोर उभं राहून 'सर, हा मेलाय' असं सांगणारे निरीक्षक पाहून लोक हसले हे कबूल. पण आपण पोलिसाला हसण्यात नवं काय? 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडक्यांचा हवालदार आला आणि सगळा महाराष्ट्र लोळला. रायपुरातच जन्मलेल्या हबीब तन्वीरांच्या 'चरणदास चोर'मध्ये खरं बोलणारा चोर आहे, आणि त्याच्यामागे धावणारा हवालदार हशा पिकवतो. तमाशापासून छत्तीसगडी नाचापर्यंत आपल्या लोकरंगभूमीवर खाकीतला माणूस आला की गालात हसू येतंच. त्या हसण्यात मात्र थोडी सुडाची चव असते: बघा, आपल्याला पिडणारा कसा फजीत झाला. प्रद्युम्नांना पाहून येणारं हसू या जातीचं नाही. ते घरातल्या आजोबांना पाहून येतं. तेच तेच बोलतात, हात तसाच फिरवतात, पण दिवाबत्तीच्या वेळी घरी असतात.

तिसऱ्या हरकतीपुढे माझी कचेरी थोडी डगमगते, हे मान्य करायला हवं. दयाच्या हाताची एक कानाखाली बसली की आरोपी भडाभडा बोलू लागे, आणि साहेब त्याला फाशीची खात्री देऊन टाकत. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२च्या पुरावा कायद्यात होतं आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. म्हणजे प्रत्येक भागातली शेवटची पाच मिनिटं न्यायालयात उभीच राहिली नसती. फाशी तर साहेबांच्या हातची नव्हेच. ती दुर्मिळातल्या दुर्मीळ गुन्ह्यासाठी राखून ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८०मध्ये सांगितलं आहे. उलट दार तोडणं मात्र कायद्यात बसतं! आरोपी आत असेल, आपण कोण आणि कशासाठी आलो हे सांगून आत येऊ देण्याची मागणी केली असेल आणि तरी कुणी उघडत नसेल, तर पोलिसानं दार तोडावं, याला कायद्याची आडकाठी नाही. दयाचं चुकत होतं ते एवढंच की तो सांगायचा भाग गाळून थेट खांद्याकडे वळे. पण या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घ्या. या मालिकेनं न्यायालय मुळी दाखवलंच नाही. इकडे तारखेला 'पेशी' म्हणतात, आणि पेशी हा शब्द उच्चारताच रायपूरकराच्या खांद्यावर जे ओझं येतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. कचेरी आदर्श दाखवायची तर पेशी वगळणं भागच होतं. कानाखालीचं समर्थन मी करणार नाही. ती स्वप्नातली वाईट बाजू आहे, आणि खऱ्या कोठडीत ती स्वप्न राहत नाही.

फ्रेडरिक्सबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. प्रत्येक कचेरीत एक माणूस असतो, ज्याच्याकडे नेमकं कोणतं काम आहे हे कुणालाच सांगता येत नाही, पण तो रजेवर गेला की कचेरी सुनी वाटते. तो बायकोच्या धाकाच्या गोष्टी सांगतो, डबा वाटून खातो, भुताला घाबरतो, आणि साहेब चिडले की नेमका तोच मधे बोलतो. वरच्यांचं शौर्य खालच्यांना सोसावं म्हणून असा एक माणूस लागतो. दिनेश फडणीसांनी तो इतकी वर्षं केला आणि ५ डिसेंबर २०२३ रोजी ते गेले. वर्षभरानं, २१ डिसेंबर २०२४ला मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा बाकीचे आपापल्या जागी येऊन बसले. ती एक जागा भरली नाही, आणि भरती निघाली असती तरी पात्र उमेदवार मिळाला नसता.

परतलेल्या मालिकेत २०२५च्या एप्रिलमध्ये प्रद्युम्नसाहेबांनाच मारलं. वाहिनीनं रीतसर श्रद्धांजली प्रसिद्ध केली, खाली १९९८ ते २०२५ अशी सालं घातली, पदभार घ्यायला नवे एसीपीही आले. लोक हळहळले, रागावले, आणि थोड्याच आठवड्यांत साहेब पुन्हा हजर! समीक्षकांनी याला कथानकाचा पोरखेळ म्हटलं असेल. सरकारी नोकरीतल्या माणसाला त्यात वावगं काहीच दिसणार नाही. कागदोपत्री मृत झालेला माणूस स्वतः उठून खिडकीशी येतो आणि 'अहो, मी आहे' म्हणून सांगतो, हे आपल्याकडे नेहमीचंच आहे. तेव्हा यंदा नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत जाल आणि बोटाचा ठसा यंत्रावर उमटेना, तर चिडू नका. पाचही बोटं पसरा, मनगट फिरवा आणि काउंटरवरच्या मुलीला सांगा, 'कुछ तो गड़बड़ है.' ती तुमचं काम करील की नाही ते सांगता येत नाही, पण हसेल नक्की. आणि आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स बरोबर असू द्या.